वाढघटक चेतापेशी जन्माला घालत नाही, जगवतो

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतील मेंदूविषयक लेखात 'बीडीएनएफ वाढवा, नव्या चेतापेशी तयार करा' असा सल्ला होता, पुरावा म्हणून गाणाऱ्या पक्ष्यांचा दाखला दिला होता आणि सोबतच्या चौकटीत गोळ्यांची नावे छापली होती. दाखला बरोबर आहे, पण त्यातून काढलेला अर्थ चुकला आहे. बीडीएनएफ हा मेंदूतला एक वाढघटक, म्हणजे पेशींना वाढायला आणि टिकायला मदत करणारे प्रथिन. ते पेशी तयार करते असे पक्ष्यांवरच्या त्या प्रयोगांत दिसलेले नाही. जन्मलेली पेशी मरू न देणे हे त्याचे काम.

गाणारा पक्षी म्हटले की आपल्याला कोकीळ आठवतो. तो या हिशेबात बसत नाही, कारण त्याची साद उपजत असते. दयाळ, शीळकरी कस्तूर, कॅनरी, झेब्रा फिंच हे शिकून गाणारे. त्यांच्या मेंदूत एचव्हीसी नावाचे केंद्र असते आणि शिकलेले गाणे गाण्यासाठी ते लागतेच. प्रौढ कॅनरीच्या या केंद्रात नव्या चेतापेशींची भर पडत राहते, हे गोल्डमन आणि नॉटेबोम या संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवले. या पेशी मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळीच्या भिंतीत जन्मतात आणि तिथून सरकत केंद्रात येतात. आलेल्यांपैकी बऱ्याच पुढच्या काही आठवड्यांतच मरतात. वाढघटकाचा प्रश्न येतो तो इथे.

मोजणी कशी होते हे पाहिले की गोंधळ कुठे होतो तेही कळते. पक्ष्याला किरणोत्सारी थायमिडीन (डीएनएचा एक घटक) टोचतात. त्या वेळी विभाजन होत असलेल्या पेशींच्या डीएनएत ते बसते आणि त्या पेशींवर जन्मतारखेचा शिक्का पडतो. काही आठवड्यांनी एचव्हीसीचे पातळ काप घेऊन शिक्क्याच्या चेतापेशी मोजतात. आकडा वाढला, तर जन्म वाढले की मृत्यू घटले? एकाच मोजणीतून हे सांगता येत नाही. त्यासाठी पोकळीच्या भिंतीतले विभाजनही वेगळे तपासावे लागते. टेस्टोस्टेरॉन हे नर संप्रेरक दिलेल्या मादी कॅनरींत हे विभाजन वाढलेले दिसत नाही. केंद्रात टिकलेल्या पेशी मात्र वाढतात. लेखात नेमकी हीच पायरी गाळली गेली आहे.

१९९९ मध्ये रसिका, अल्वारेझ-बुइया आणि नॉटेबोम यांनी टेस्टोस्टेरॉन आणि पेशी यांच्यामधला दुवा शोधला. प्रौढ नराच्या एचव्हीसीत बीडीएनएफ सापडते, मादीच्या एचव्हीसीत ते आढळत नाही. ते ओळखणारे ट्रक-बी रिसेप्टर मात्र दोघांतही असतात, म्हणजे मादीत कुलूप आहे, किल्ली नाही. मादीला टेस्टोस्टेरॉन दिले की तिच्या केंद्रात बीडीएनएफ वाढते. थेट बीडीएनएफच सोडले, तर नव्या चेतापेशी तिप्पट होतात. टेस्टोस्टेरॉनसोबत बीडीएनएफला निकामी करणारी प्रतिपिंडे दिली, तर ती वाढ होत नाही. यातली शेवटची चाचणी सर्वांत मोलाची. पदार्थ घालून परिणाम दिसला एवढ्यावर थांबायचे नसते, तो काढून घेतल्यावर परिणाम जातो का हेही पाहावे लागते. पुढे २००२ मध्ये गोल्डमन यांच्या गटाने मधली आणखी एक कडी दाखवली: टेस्टोस्टेरॉनमुळे व्हीईजीएफ हा रक्तवाहिन्यांचा वाढघटक वाढतो, केंद्रातल्या केशवाहिन्या वाढतात आणि त्यांच्या अस्तराच्या पेशी बीडीएनएफ सोडतात.

'वाढवा' या सल्ल्याला खरा तडा जातो तो अल्वारेझ-बोर्डा आणि नॉटेबोम यांच्या २००४ च्या प्रयोगाने. नर कॅनरी शरद ऋतूत नवे गाणे शिकतो आणि तेव्हा जन्मलेल्या पेशींपैकी पुष्कळ आठ महिन्यांनीही जिवंत असतात. वसंतात गाणे पक्के झालेले असते. त्या वेळच्या बहुतेक पेशी चार महिन्यांत जातात. या वसंतातल्या पेशींना जन्मानंतर १४ ते २० दिवसांच्या दरम्यान बीडीएनएफ मिळाले, तर त्या दीर्घकाळ टिकल्या. तेच दहा दिवस आधी किंवा दहा दिवस उशिरा दिले, तर फायदा झाला नाही. पेरणीनंतरचे पहिले पाणी चुकले की पुढे कितीही पाट सोडा, तसाच हा प्रकार.

जाता जाता आणखी एक दुरुस्ती. केंद्राचे आकारमान आणि पेशींची संख्या लेखात एकच धरली आहे. व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो (नावात स्पॅरो असली तरी ही आपल्या घरचिमणीच्या कुळातली नव्हे) या पक्ष्यावर थॉम्पसन, बेंटली आणि ब्रेनोविट्झ यांनी २००७ मध्ये काम केले. टेस्टोस्टेरॉन काढून घेऊन पक्ष्यांना लहान दिवसांच्या प्रकाशात ठेवले, तेव्हा एचव्हीसीचे आकारमान १२ तासांत २२ टक्के घटले. चेतापेशी २६ टक्के कमी व्हायला मात्र चार दिवस लागले. पेशी मरण्याआधी केंद्र आक्रसते, म्हणून नुसत्या आकारावरून पेशी किती हे सांगू नये.

राहता राहिला गोळ्यांचा मुद्दा. बीडीएनएफ हे प्रथिन आहे. तोंडाने घेतले तर ते इतर प्रथिनांसारखे पचून जाईल, आणि रक्तात असले तरी मेंदूभोवतीचा अडसर ते सहजी ओलांडत नाही. म्हणून तर प्रयोगात ते बारीक नळीने थेट एचव्हीसीत सोडावे लागले. कॅनरीच्या बाबतीत रोजचे गाणे हा साधा मार्ग आहे: नर जितका जास्त गातो तितका एचव्हीसीत बीडीएनएफचा संदेश-आरएनए (हे प्रथिन बनवण्याचा पेशीतला निरोप) जास्त सापडतो, असे २००० मध्ये दिसले आहे. हे निरीक्षण कॅनरीच्या एका केंद्राचे आहे. ते जसेच्या तसे माणसाच्या स्मरणशक्तीला लावून त्याच चौकटीत गोळ्यांची नावे छापणे योग्य नव्हे. पुढच्या अंकात निदान 'नव्या चेतापेशी तयार होतात' याजागी 'नव्या चेतापेशी टिकतात' एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

— एक वाचक, पुणे