शोधांच्या नकाशावरून माणसे जोखू नयेत

महोदय,

कोणत्या राज्यातील लोक इंटरनेटवर काय शोधतात, यावरून त्या प्रदेशाचा स्वभावच ठरवून टाकणाऱ्या बातम्या मला मनापासून खटकतात. कुठे काय शोधले जाते हे दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्स या सेवेतील ० ते १०० हे आकडे शोधांची संख्या नव्हे, तर त्या भागातील एकूण शोधांमधला तुलनात्मक वाटा दाखवतात. म्हणूनच गोव्यासारखे छोटे राज्यही महाराष्ट्राच्या वर दिसू शकते. लोकांच्या शोधांवरून फ्लूच्या साथीचा अंदाज बांधणाऱ्या, २००८ साली सुरू झालेल्या गूगल फ्लू ट्रेंड्सने २०१२-१३च्या हिवाळ्यात अमेरिकेतील फ्लूसदृश रुग्णांचे प्रमाण प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट सांगितले होते. शिवाय आमच्या घरी सासूबाईंच्या गुडघेदुखीवरचे उपाय, सातबारा आणि मुलीच्या बारावीच्या प्रश्नपत्रिका एकाच फोनवर शोधल्या जातात. अशा बातमीसोबत आकड्यांचा अर्थही छापावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा