पोस्टबायोटिकची पुडी आणि पाळणाघरातली सर्दी

संपादक महोदय,

तुमच्या आरोग्य पुरवणीत मध्यंतरी पोस्टबायोटिक्सबद्दल, म्हणजे मेलेल्या बॅक्टेरियांच्या पावडरींबद्दल आलं होतं, लहान मुलांची इन्फेक्शन टाळायला म्हणून. वाचलं, चांगलं वाटलं, पण अर्धंच वाटलं म्हणून हे लिहितेय. मी बडोद्यात दांडिया बाजारकडे पाळणाघर चालवते त्यामुळे पेपरात असलं काही आलं की त्याचा परिणाम आधी माझ्याकडे दिसतो, आता मुलांच्या आया डब्याबरोबर पुड्या देऊ लागल्यात, काकू दुपारच्या दुधात घाला म्हणून. एका पुडीवर फ्रीजमध्ये ठेवा असं छापलंय, दुसरीवर तसं काही नाही, आणि दोन्हीला सगळ्या प्रोबायोटिकच, म्हणजे पोटाला चांगले जिवंत बॅक्टेरियाच म्हणतात. फ्रीजवाली मी गरम दुधात ढवळली तर आतले जिवंत बॅक्टेरिया तिथेच संपले ना, मग पैसे कशाचे दिले?

दुसरी पुडी म्हणजे पोस्टबायोटिक, त्यात बॅक्टेरिया मुद्दाम आधीच मारलेले असतात, बहुतेक वेळा उष्णता देऊन. 2021 साली प्रोबायोटिक्सवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने व्याख्या ठरवली, की निर्जीव सूक्ष्मजीव किंवा त्यांचे तुकडे असलेली आणि आरोग्याला फायदा करणारी तयार गोष्ट ती पोस्टबायोटिक. फायदा दिसला पाहिजे ही अट त्या व्याख्येतच आहे आणि जाहिरातवाले नेमकं तेवढंच गाळतात. मेलेले असले तरी त्यांच्या पेशींच्या भिंतीचे तुकडे आतड्यातल्या रोगप्रतिकारक पेशी ओळखतात आणि कामाला लागतात, साधारण असं ते चालतं.

याचा फायदा खरंच आहे, मी उगाच नावं ठेवत नाहीये. मे महिन्यात आपल्या बडोद्यात कुरियरच्या गाडीत बॅक्टेरिया जिवंत राहतील याची खात्री कोण देणार, मेलेल्यांना ती काळजीच नाही. शिवाय जिवंत बॅक्टेरिया फार नाजूक बाळाच्या रक्तात शिरू शकतात, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध खात्याने, 2023 मध्ये दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबद्दल इशारा दिला तो यामुळेच. मेलेले निदान वाढत तरी नाहीत. पण म्हणून अशा बाळाला कुठलीही पुडी डॉक्टरांना न विचारता द्यायची असं नाही हां.

इटलीत 1 ते 4 वर्षांच्या, पाळणाघरात आणि बालवाडीत जाणाऱ्या मुलांवर अभ्यास झालेत, म्हणजे माझ्याकडे येतात तसल्याच मुलांवर. लॅक्टोबॅसिलस पॅराकेसाय सीबीए एल74 या बॅक्टेरियाच्या जातीने आंबवलेलं आणि मग उष्णता देऊन निर्जीव केलेलं दूध किंवा तांदूळ, त्याची पावडर रोज 7 ग्रॅम, 3 महिने थंडीत दिली, तर सर्दी-खोकला आणि जुलाबाने आजारी पडणारी मुलं नुसती प्लासिबो, म्हणजे तुलनेसाठीची बिनगुणाची पावडर घेणाऱ्यांपेक्षा कमी निघाली. आता यात बघा, एकच ठराविक जात, ठराविक डोस, तीन महिने. मेडिकलमधल्या पुडीत दुसरीच जात असेल तर इटलीचा निकाल तिला लागू होत नाही, आणि बऱ्याच पाकिटांवर जातीचं पूर्ण नाव नसतंच, नुसतं लॅक्टोबॅसिलस लिहून मोकळे. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेचा नंबर असेल तर ते कायद्याने फूड आहे, औषध नाही, हेही कुणी सांगत नाही.

आपल्याकडच्या बातम्यांत ओडिशाचं उदाहरण हमखास देतात, तिथे साडेचार हजारांवर नवजात बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लांटेरम दिल्यावर सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरणारं गंभीर इन्फेक्शन, आणि मृत्यू मिळून 40 टक्क्यांनी कमी झाले, 2017 मध्ये नेचर या विज्ञानाच्या मासिकात आलं होतं. मोठंच काम आहे ते, पण ते बॅक्टेरिया जिवंत होते, आणि सोबत त्यांचं खाद्य म्हणून एक साखरही दिलेली होती. ते पोस्टबायोटिकच्या खात्यात कसं घालता?

आणि एक मजा सांगते. हांडवो, ढोकळा, इडली हे आंबवून मग वाफवलेलं किंवा भाजलेलं, आंबट ताकाची कढी उकळलेली, म्हणजे मेलेले बॅक्टेरिया आपण बडोदेकर रोजच खातोय. आमच्या एका मुलाचे आजोबा म्हणाले मग वेगळी पुडी कशाला, ढोकळाच पोस्टबायोटिक! तसंही नाही आजोबा, त्यात कुठली जात किती आहे याचा पत्ता नाही आणि त्याने सर्दी कमी होते असं कुणी तपासलेलं माझ्या वाचनात नाही. खायला मात्र खुशाल द्या, मी पण देते, मिरची कमी घालून.

माझा राग कशावर आहे तर पुडी आणणाऱ्या घरातच कधीकधी रोटाव्हायरसच्या, म्हणजे जुलाबावरच्या लसीचे डोस अर्धवट असतात. 6, 10 आणि 14 आठवड्यांना सरकारी केंद्रात फुकट मिळतात, न्यूमोनियाची पीसीव्ही लसही आता फुकट आहे. जुलाब लागले तर ओआरएस आणि 14 दिवस झिंक, पण दोन दिवसांत बरं वाटलं की झिंकची बाटली कपाटात जाते. आणि हात धुणं! पाळणाघरांत साबणाने हात धुवायची सवय लावली तर जुलाब साधारण एक तृतीयांशाने कमी होतात असं कोक्रेन या अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात आहे, कुठल्या पुडीची एवढी छाती आहे सांगा. हात-पाय-तोंडावर फोड येतात त्या आजाराच्या साथीत सॅनिटायझरवर विसंबून चालत नाही, साबणच लागतो, म्हणून मी नळाची उंची कमी करून घेतली, मुलं आपापली धुतात, अर्धं पाणी एकमेकांच्या अंगावर, चालायचंच.

एवढ्या लहान मुलांना वर्षात 6 ते 8 वेळा सर्दी होणं नॉर्मल आहे, पाळणाघरात थोडी जास्तच. पुडीने त्यातली एखाददोन टळली तर मला आनंदच आहे, नाक पुसायचं काम माझंच असतं.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी लिहाल तेव्हा जात कुठली, मुलं किती वयाची, कशाशी तुलना केली हे छापा, आणि त्याच पानावर पुडीची जाहिरात नको. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात तर कायद्याने बंदच आहे. आणि जागा उरली तर माझ्याकडच्या आयांसाठी हेही छापा, पुडी द्यायचीच असेल तर कापून रबर लावलेली देऊ नका, खोक्यासकट द्या, नाव आणि तारीख मला वाचता आली पाहिजे.

आपली,
एक पाळणाघरवाली काकू, दांडिया बाजार, बडोदा