अण्णांना घरी आणशील तेव्हा

सातारा, 9 जानेवारी

प्रिय संजय,

अण्णांच्या सीओपीडीचं, म्हणजे फुप्फुसांच्या त्या जुनाट दम्यासारख्या आजाराचं, दुखणं उतरलं आणि त्यांना परवा डिस्चार्ज मिळणार हे कळलं, हायसं वाटलं. तरी लगेच लिहायला बसलो. गेल्या वर्षी याच आजारात आईला घरी आणलं तेव्हा आम्हीही असेच निर्धास्त झालो होतो, आणि अठराव्या दिवशी तिला पुन्हा अॅडमिट करावं लागलं.

आईने जन्मात विडीला हात लावला नाही. चाळीस वर्षं चुलीपुढे बसली, त्या धुराने फुप्फुसं गेली. दवाखान्यातून निघताना फाईल आणि पिशवीभर औषधं मिळाली, पण औषधाचा पंप (इनहेलर) कसा ओढायचा हे कुणी तिच्याकडून करून घेतलं नाही. ती दाबायची आणि पांढरा फवारा तसाच तोंडाबाहेर यायचा. आम्ही समोर बसून रोज ते बघत होतो रे! दुसऱ्या खेपेला एका सिस्टरने पंपाला स्पेसर, म्हणजे मधली पोकळ नळी, लावून चार-चारदा करून घेतलं, नंतर चूळ भरायला शिकवलं. तेव्हा कुठे औषध छातीत पोचायला लागलं. अण्णांनी सिस्टरसमोर पंप ओढून दाखवल्याशिवाय तू तिथून हलू नकोस.

घरी ऑक्सिजनचं मशीन दिलं तर डॉक्टरांनी लावलेला काटा वाढवू नकोस. धाप लागलेली बघवत नाही, हात आपोआप तिकडे जातो. पण या आजारात रक्तातला ऑक्सिजन सहसा 88 ते 92 टक्के एवढाच ठेवतात. ऑक्सिजन जास्त झाला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जाऊ शकतो. आणि त्या खोलीत निरांजन, उदबत्ती नको. आई यावरून दोन दिवस रुसली होती, शेवटी देव्हाराच बाहेरच्या खोलीत नेला.

अण्णांना नुसतं झोपवून ठेवू नकोस. आईला आधी तुळशीपर्यंत चालवलं, मग फाटकापर्यंत. ओठ चिमटून हळूहळू श्वास सोडायला शिकवलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, ही तर फुंकणीच की!" त्या दिवसापासून तिला ते कधी सांगावं लागलं नाही.

बेडका हिरवा-पिवळा झाला, धाप वाढली किंवा दिवसा झापड यायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. आम्ही साधा खोकला म्हणून चार दिवस घालवले, ते अजून सलतं. फ्लूच्या लशीचंही विचारून घे, ती दरवर्षी घ्यावी लागते.

रविवारी सकाळच्या एसटीने येतो. आई अण्णांशी फोनवर बोलणार आहे. मध्येच दम लागला तर वाक्य घाईने संपवू नका म्हणावं त्यांना, ती थांबेल.

तुझा,
सुहास