घरच्या सर्व्हरवरील फोल्डरांच्या नावांचा घोळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातील फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रे दरमहा भाडे भरून क्लाउडवर ठेवण्यापेक्षा घरच्याच एखाद्या छोट्या सर्व्हरवर, म्हणजे घरातील सर्वांच्या फाइली साठवून पुरवणाऱ्या संगणकावर, ठेवावीत, असे सुचवणारा लेख आपल्या तंत्रज्ञानविषयक पानावर नुकताच वाचला. सल्ला योग्य आहे. डिस्कची क्षमता, वीजखर्च आणि बॅकअप यांविषयी लेखात दिलेली माहितीही उपयोगी आहे. मात्र असा सर्व्हर घरात आल्यानंतर माणसे ज्या गोष्टीपायी सर्वांत जास्त हैराण झालेली मी पाहतो, त्या शेअर केलेल्या फोल्डरांच्या नावांविषयी त्यात एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तक्रार बहुधा दोनच शब्दांत येते: "फोटो गेले." ओळखीच्या एका कुटुंबात मुलाच्या लग्नाचे फोटो असलेला फोल्डर संगणकावर अचानक रिकामा दिसू लागला. दुरुस्तीला बोलावलेल्या माणसाने डिस्क गेल्याचे सांगून नव्या डिस्कचा अंदाजे खर्चही लिहून दिला होता. सर्व्हरच्या स्वतःच्या फाइल मॅनेजरमध्ये शिरून पाहिले, तेव्हा तिथे एकाखाली एक असे दोन 'फोटोज' फोल्डर होते. इंग्रजीत लिहिलेल्या त्या नावांपैकी एकाचे पहिले अक्षर कॅपिटल होते, तर दुसऱ्याची सगळी अक्षरे स्मॉल होती. पहिल्यात लग्नाचे सगळे फोटो जागच्या जागी होते, दुसऱ्यात काहीच नव्हते, आणि घरातील विंडोज संगणकाला नेमका तो दुसराच दिसत होता.

याचे कारण साधे आहे, पण ते कोणी सांगत नाही. घरगुती सर्व्हर बहुतेक करून लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतात आणि एक्सटीफोर किंवा एक्सएफएस यांसारख्या लिनक्सच्या फाइल व्यवस्था, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धती, कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांची दोन नावे सर्वस्वी वेगळी मानतात. तोच फोल्डर विंडोजपर्यंत पोचतो तो एसएमबी या नेटवर्कवरून फाइली वाटून देण्याच्या पद्धतीने. लिनक्सला ती भाषा बोलायला लावणारी सांबा ही मुक्त प्रणाली ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1992 च्या सुमारास लिहायला घेतली आणि आज बहुतेक घरगुती सर्व्हरांच्या पोटात तीच असते. या पद्धतीत शेअरच्या, म्हणजे नेटवर्कवर वाटून दिलेल्या फोल्डरच्या, नावातील लहानमोठ्या अक्षरांना काहीच महत्त्व नसते. त्यामुळे डिस्कवर फोल्डर दोन असले तरी संगणकाला दिसणारा शेअर एकच राहतो. सांबाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एकाच नावाचे दोन विभाग लिहिले गेले, तर ते मिसळून एकच विभाग धरला जातो आणि नंतर लिहिलेली ओळ आधीच्या ओळीवर मात करते. संगणकावर बसलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही, कारण चूक झाल्याचा संदेश कुठेच येत नाही.

दुसरा फोल्डर बहुतेक वेळा घरातल्या कोणी हाताने केलेलाच नसतो. फोटो सांभाळणारे किंवा सिनेमे दाखवणारे ॲप सर्व्हरवर डॉकरमधून, म्हणजे प्रत्येक ॲप वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनातून, बसवताना फोल्डरचा मार्ग टंकावा लागतो. त्यात एखादे अक्षर स्मॉलऐवजी कॅपिटल पडले, तर पुष्कळ ठिकाणी डॉकर तक्रार न करता त्या नावाचा नवा रिकामा फोल्डर तयार करून मोकळा होतो. अनेक डिस्क एकत्र करून दाखवणाऱ्या अनरेडसारख्या प्रणालीत प्रत्येक डिस्कवरील सर्वांत वरच्या पातळीचा फोल्डर हाच शेअर मानला जातो. त्यामुळे एका डिस्कवर एक नाव आणि दुसऱ्या डिस्कवर त्याचेच दुसरे रूप असले, की घोळ आणखी लपून राहतो.

शेअरचे नाव आणि वापरकर्त्याचे नाव एकच ठेवणेही टाळावे. सांबा आधी त्या नावाचा शेअर शोधते आणि तो नसेल तरच ते वापरकर्त्याचे नाव समजून त्याचा खासगी फोल्डर उघडते. साहजिकच वापरकर्ता 'आजोबा' आणि शेअरही 'आजोबा' असेल, तर आजोबांचा स्वतःचा फोल्डर त्या नावाने कधीच उघडणार नाही. विंडोजवर येणारी 1219 क्रमांकाची त्रुटी मात्र वेगळी आहे. एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या वापरकर्तानावांनी जोडू पाहिल्यामुळे ती येते, आणि जुनी जोडणी तोडली की जाते. तिच्यासाठी फोल्डरांना हात लावण्याचे कारण नाही. मॅकवर एकाच नावाचे दोन शेअर जोडले, तर दुसऱ्याच्या मार्गात शेवटी '-1' लागते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

यावर जाणकार म्हणवणारे लोक एक ठरलेला उपाय सांगतात, तो म्हणजे मराठी नावे देऊ नका, सगळे इंग्रजीत ठेवा. हा उपाय मला पटत नाही. वर सांगितलेला घोळ मुळात इंग्रजी नावांचाच आहे. देवनागरीत कॅपिटल आणि स्मॉल हा भेदच नसल्याने त्या दुखण्यातून मराठी नावे आपोआप सुटतात. मात्र देवनागरीचे स्वतःचे एक दुखणे आहे, आणि त्याची चर्चा मराठी वृत्तपत्रानेच करायला हवी. 'ॲल्बम' आणि 'अॅल्बम' हे दोन शब्द छापील पानावर एकसारखेच दिसतील. पहिल्यात 'ॲ' हे एकच अक्षर आहे, ज्याला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, 2008 साली 0972 हा स्वतंत्र क्रमांक मिळाला. दुसऱ्यात 'अ' आणि त्यावरची चंद्रकोर असे दोन वेगळे क्रमांक एकापुढे एक आहेत. मुलीच्या फोनवरील कळफलक एक रूप उमटवतो, वडिलांच्या संगणकावरील जुना कळफलक दुसरे, आणि सर्व्हरवर दोन 'ॲल्बम' उभे राहतात. डोळ्यांना फरक दिसत नाही. नाव बदलण्याच्या चौकटीत कर्सर त्या अक्षराच्या लगेच पुढे ठेवून एकदा बॅकस्पेस दाबली, की बहुधा उलगडा होतो: सगळे अक्षर पुसले गेले तर ते एकसंध आहे, आणि मागे 'अ' उरला तर ते जोडून केलेले आहे.

'ऱ्य' ची गोष्ट याहून गुंतागुंतीची. 'पायऱ्या', 'दऱ्या', 'वाऱ्या' यांतील 'ऱ' कोणी थेट टंकतो, तर कोणी साध्या 'र' चा पाय मोडून पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालतो. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस या फाइल व्यवस्थेच्या डिस्कवर तर 'ऱ' हे 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असे फोडून साठवले जाते, आणि तिथून सर्व्हरवर थेट नक्कल केली की ते फोडलेले रूप तसेच पुढे येऊ शकते. म्हणजे 'गडाच्या पायऱ्या' नावाचे तीन फोल्डर एकाच ठिकाणी नांदू शकतात. राज्य शासनाने 2009 च्या शासन निर्णयात 'ॲ' आणि 'ऑ' यांना वर्णमालेत स्थान दिले. पण ती अक्षरे संगणकात कोणत्या क्रमांकाने उमटावीत, याची काळजी सगळे कळफलक सारखी घेत नाहीत.

असा घोळ आढळला, तर प्रथम काहीही पुसू नये आणि विंडोजमधून नाव बदलण्याचा खटाटोपही करू नये, कारण तिथे दोन्हींपैकी कोणत्या फोल्डरवर आपण काम करतो आहोत याची खात्री नसते. बॅकअप घेऊन सर्व्हरच्याच फाइल मॅनेजरमध्ये किंवा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, जावे, कोणते नाव ठेवायचे ते ठरवावे आणि दुसऱ्यातील मजकूर त्यात हलवावा. मात्र एकाच नावाच्या फाइलवर दुसरी लिहिली जाणार नाही, अशी सोय निवडावी. आरसिंक या फाइली नकलण्याच्या आज्ञेत 'इग्नोर एक्झिस्टिंग' हा पर्याय त्यासाठीच आहे. दोन वेगळ्या फोनांनी वेगवेगळ्या फोटोंना 'आयएमजी 0001' हेच नाव दिलेले असू शकते, म्हणून मागे उरलेल्या फाइली उघडून पाहिल्याशिवाय काढू नयेत. शेवटी फोल्डर काढताना 'आरएमडीआयआर' ही आज्ञा वापरावी, कारण फोल्डर रिकामा नसेल तर ती नकार देते. नुसते कॅपिटलचे स्मॉल करायचे असेल, तर मध्ये एखादे तिसरेच नाव देऊन मग हवे ते नाव द्यावे. आणि ॲपच्या सेटिंगमधील मार्ग दुरुस्त करण्यास विसरू नये, नाहीतर पुढच्या वेळी सर्व्हर सुरू होताच तो रिकामा फोल्डर पुन्हा हजर होतो.

हे सारे घरातील माणसांनी शिकावे, अशी अपेक्षा ठेवणे मला अन्यायाचे वाटते. नवा शेअर करताना तसेच नाव, केवळ अक्षरांच्या लहानमोठेपणाचा किंवा युनिकोड रूपाचा फरक असलेले, आधीपासून आहे का हे तपासणे सर्व्हरच्या प्रणालीला काही अवघड नाही. आपल्या पानावर यापुढे अशा यंत्रांचे परीक्षण प्रसिद्ध होईल, तेव्हा परीक्षकाने किंमत आणि वेग यांच्याबरोबर दोन 'ॲल्बम' करून पाहावेत आणि यंत्राने सावध केले की नाही ते वाचकांना सांगावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, सांगली