तीन बोटं फेस

प्ल्झेन, चेक प्रजासत्ताक, रविवार

प्रिय दादा,
सा. न.

परवा फोनवर तू विचारलंस, त्या गावच्या बिअरचं एवढं काय कौतुक? तेव्हा घाईत राहून गेलं, आज निवांत लिहितो.

कामावरच्या मंडळींबरोबर पहिल्यांदा इथल्या होस्पोदात, म्हणजे बिअरच्या गुत्त्यात, गेलो. संध्याकाळी सगळं गाव तिथेच भेटतं. समोर ग्लास आला तर वर चांगला तीन बोटं फेस. वाटलं, मापात मारलं! आपण ग्लास तिरका धरून फेस येऊच देत नाही ना. दुसऱ्या फेरीला मुद्दाम नळापाशी जाऊन उभा राहिलो.

बिअर ओतणाऱ्याला इथे 'विचेप्नी' म्हणतात आणि त्या कामाला मान आहे. त्याने धुतलेला ग्लास पुन्हा गार पाण्यातून काढला, पुसला मात्र नाही. कोरड्या काचेला बुडबुडे चिकटतात. मग नळाचं तोंड आत घालून आधी फेस सोडला, ओला आणि दाट, आणि त्या फेसाच्या खालून बिअर भरत आणली. फेस सायीसारखा वर चढत गेला. हे झाकण असलं की बिअरला हवा लागत नाही, चव उतरत नाही. या ओतण्याला 'ह्लादिंका' म्हणतात.

जवळजवळ नुसत्या फेसाचाही ग्लास मिळतो. त्याचं नाव 'म्लीको', म्हणजे दूध! आबा म्हैस पिळताना चरवीत चढणारा फेस आठवला बघ. हाही गोडसर, आणि फेस खाली बसायच्या आत प्यायचा.

हे सहज जमलेलं नाही. १८३८ साली इथल्या लोकांनी खराब बिअरची ३६ पिंपं भर चौकात ओतून दिली होती. मग गावाने स्वतःची भट्टी बांधली, जर्मनीतल्या बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. ५ ऑक्टोबर १८४२ला त्याने पहिला घाणा लावला. फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), झातेत्स गावचे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं), इथलं मऊ पाणी आणि गार तळघरात सावकाश आंबवणं. त्यातून ही सोनेरी बिअर निघाली. जगभर 'पिल्सनर' म्हणतात ते या गावाच्या 'पिल्सेन' या जर्मन नावावरून.

ती तळघरं अजून आहेत. तिथे ओकच्या पिंपातून न गाळलेली बिअर देतात, किंचित गढूळ, पावाच्या वासाची. मी स्वेटर घालूनही कुडकुडत होतो, पण ग्लास खाली ठेववेना.

तू येशील तेव्हा आधी तिथेच जाऊ. वहिनींना नमस्कार सांग, आणि आबांना ती दुधाची गोष्ट नक्की वाचून दाखव.

तुझा,
बाळू