तुझ्या मैत्रिणीला मेयोत काय सापडेल

कॅसलबार, मेयो

चि. अथर्व यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या टोरांटोच्या ऑफिसातली मैत्रीण खापरपणजोबांचं गाव शोधायला इकडे आयर्लंडच्या पश्चिमेला, आमच्या मेयो परगण्यात येणार, हे वाचून आनंद झाला. पण पुढे तू लिहिलंस, "पावणेदोनशे वर्षांपूर्वी सोडलेल्या गावात तिला काय सापडणार?" ते मनाला लागलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी कामाचं. नुसत्या 'मेयो' या नावावर शोध लागत नाही. टाउनलँडचं नाव हवं, म्हणजे साधारण आपल्या वाडीएवढी जागा. घरातली जुनी पत्रं, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, थडग्यावरचा मजकूर, हे सगळं तिला चाळायला सांग. 1845 च्या बटाट्याच्या दुष्काळाआधीच्या जनगणनेचे बहुतेक कागद 1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात जळाले. म्हणून लोक ग्रिफिथची मोजणी उघडतात. करआकारणीसाठी केलेली ही यादी 1847 ते 1864 या काळात छापली गेली. एका रकान्यात जमीन कसणाऱ्याचं नाव, शेजारी ती ज्याच्याकडून घेतली त्याचं. हा शेजारचा रकाना तिने जरूर बघावा. बहुतेक सगळे कूळच होते रे. आपल्या सातबाऱ्यावर मालकाचं नाव असतं, तसा मालकीचा एक कागदही त्यांच्याकडे नव्हता.

आणि कूळ म्हणून होती तेवढी जमीनही भुकेने सोडायला लावली. 1845 पासून बटाट्यावर रोग पडत गेला, तरी ओट आणि गुरं जहाजांतून इंग्लंडला जातच होती. 1847 च्या कायद्याने पाव एकराहून जास्त जमीन असलेल्याला सरकारी मदत बंद केली. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे! पोरांच्या तोंडात घास घालायचा तर जमीन सोडा. जमीन सोडली की घराचं छप्पर उतरवायला जमीनदाराची माणसं हजर. 1841 मध्ये या बेटावर 81 लाखांहून जास्त लोक होते, दहा वर्षांनी साधारण 65 लाख. सुमारे दहा लाख मेले, त्याहून जास्त देश सोडून गेले. ती जुनी संख्या आजही भरून निघालेली नाही.

लुइसबर्गहून डूलॉखच्या तळ्याकडे जाणारा रस्ता मी तिला दाखवीन. मार्च 1849 मध्ये मदतीला कोण पात्र ते तपासायचं म्हणून शेकडो उपाशी माणसांना त्या डोंगरातून डेल्फी लॉज या शिकारबंगल्यापर्यंत चालायला लावलं. थंडीत, रिकाम्या हाती परतताना कितीतरी जण वाटेतच मेले. मेयोतल्या डोंगरउतारांवर गवताखाली बटाट्याचे जुने वरंबे अजून उठून दिसतात. कुणी घातले त्यांची नावं गेली, पण राबलेला हात दिसतो. तिला हे सापडेल, अथर्व. मला ते मालकीच्या कागदापेक्षा मोठं वाटतं.

इथून जवळच स्ट्रेड आहे. मायकल डेव्हिट चार वर्षांचा असताना, 1850 मध्ये, त्याच्या घरच्यांना तिथून हुसकावलं. इंग्लंडमधल्या लँकशरच्या कापडगिरणीत अकराव्या वर्षी त्याचा उजवा हात गेला. त्याच माणसाने 1879 मध्ये लँड लीग ही कुळांची संघटना उभारली आणि कुळांचा लढा पेटवला. त्या लढ्याला अमेरिकेतल्या आयरिश लोकांनी पैसा पुरवला. 1906 मध्ये तो वारला आणि त्याला स्ट्रेडलाच पुरलं. गावाची ओढ नुसती हळवी नसते, ती कायदेसुद्धा बदलायला लावते.

आपल्याकडचंच बघ ना. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान असताना 2019 मध्ये मालवणजवळच्या वराडला, वडिलांच्या गावी, आवर्जून गेले होते.

ती निघण्याआधी तिच्यासोबत टोरांटोतल्या आयर्लंड पार्कला, दुष्काळात तिथे आलेल्या आयरिश लोकांच्या स्मारकाला, जाऊन ये. 1847 मध्ये जेमतेम वीस हजार वस्तीच्या तुझ्या त्या शहरात 38,000 हून जास्त आयरिश उतरले. त्यातले हजारावर तिथेच तापाने गेले. सापडलेली नावं दगडांत कोरली आहेत. तिच्या घराण्याचं आडनाव त्यात आहे का, ते दोघं मिळून बघा.

उतरायला तिला आपल्याकडेच पाठव. टाउनलँडचं नाव आधी कळलं तर मी इथल्या ग्रंथालयात चौकशी करून ठेवते. पावसाळी बूट मात्र आणायला सांग.

तुझी,
आई