बेडकाची पापी कुठे गेली?

कासेल (जर्मनी), डिसेंबर

प्रिय ठमे,

तुझा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला. त्यातली तीन मिनिटं तू मला झापलंस. पण 'बेडकाची पापी कुठे गेली?' असं विचारणारी तू काही पहिली नाहीस. बेडूक-राजपुत्राची गोष्ट मराठीतून सांगून नेटवर टाकली, तेव्हापासून जो तो माझी चूक काढतोय, कारण राजकन्येच्या पापीने बेडकाचा राजपुत्र होतो, हेच सगळ्यांना ठाऊक. अगं, या जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या पुस्तकात पापी नाहीच! बेडूक राजकन्येच्या पलंगावर यायचा हट्ट धरतो, तिला किळस येते, आणि ती चिडून त्याला भिंतीवर आपटते. त्याचाच राजपुत्र होतो. मला तर हेच जास्त पटतं.

सिंड्रेलाचंही तसंच. इथली ती आशेनपुटेल. हिच्या गोष्टीत ना परी, ना भोपळ्याची बग्गी. आईच्या थडग्यावर तिने हेझेलची डहाळी लावलेली असते, तिचं झाड होतं, त्यावरचा पक्षी तिला कपडे टाकतो. बूट पायात जावा म्हणून एक बहीण अंगठा छाटते, दुसरी टाच, आणि कबुतरं ओरडून सांगतात की बुटात रक्त आहे. हे सांगताना मी जरा जास्तच रंगात आले असणार. एका आईने कळवलं, पोरगी रात्रभर झोपली नाही. त्या बाईला काय लिहू, अजून सुचलेलं नाही.

मूळ गोष्टच सांगायची, असं मी मोठ्या तोऱ्यात ठरवलं होतं ना? आता बघ गंमत. ग्रिमांच्या पुस्तकाचा पहिला खंड १८१२ चा. त्यात हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. पहिल्या आवृत्तीतली रापुन्झेल तिला मनोऱ्यात कोंडणाऱ्या परीला भाबडेपणाने विचारते, माझे कपडे घट्ट का होतायत? (पोटुशी असते ती!) लहान मुलांच्या हातात जाणाऱ्या पुस्तकात हे कसं चालणार, म्हणून तेही गेलं. १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे ४५ वर्षं, हात फिरवणं चालूच होतं, ते बहुतेक विल्हेल्मचं. मग यातलं मूळ कुठलं धरू? हिमगौरीची सख्खी आई मी दोनदा रेकॉर्ड केली आणि दोनदा पुसली. माझी स्वतःची लेक शेजारच्या खोलीत असते गं.

'अस्सल जर्मन' म्हणावं, तर तिथेही पंचाईत. ग्रिम बंधूंना चाळीसेक गोष्टी देणारी डोरोथेआ फीमान ही इथल्याच निडरत्स्वेरेनची. तेव्हा ते वेगळं गाव होतं, आता कासेलमध्येच आलंय. वडिलांची सराई होती, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून तिने गोष्टी ऐकल्या. पुढे शिंप्याच्या घरी पडली आणि शहरात भाजीपाला विकायला येऊ लागली. तिचे पूर्वज मात्र फ्रान्समधून आलेले ह्यूगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट! ग्रिम लिहितात, ती आधी भरभर सांगायची, आणि म्हटलं तर तेच पुन्हा सावकाश, उतरवून घेता येईल असं. शब्द इकडचा तिकडे नाही. हे वाचलं आणि मला तुमच्या स्वयंपाकघरात कहाण्या सांगणाऱ्या काकूच दिसल्या.

म्हणून एक काम सांगते. सोबत 'होले आजी'ची गोष्ट मराठीत करून पाठवतेय. विहिरीत उडी मारलेली पोर तिच्या घरी पोचते, आजीचे लांब दात बघून घाबरते. आजी म्हणते, माझं अंथरूण नीट झटक, पिसं उडाली पाहिजेत, म्हणजे जगात बर्फ पडतो. इथे आमच्या हेसेन राज्यात बर्फ पडला की म्हणतात, होले आजी बिछाना घालतेय. ही काकूंकडून वाचून घे आणि फोनवर रेकॉर्ड कर. वाचूनही नको, एकदा वाचून दाखव आणि मग त्यांना त्यांच्या पद्धतीने सांगू दे. शेवटी जर्मनीत 'ती मेली नसतील तर आजही जिवंत आहेत' म्हणतात, पण काकूंनी 'साठा उत्तरांची कहाणी' म्हटलं तरी कापू नकोस. मागे कुकरची शिट्टी झाली तर तीही राहू दे.

तुझी,
कासेलकरीण